स्तनशस्त्रकर्मोत्तर क्रोध आणि मार्गदर्शित कल्पनाचित्रण : सत्त्वावजय चिकित्सेचा एक व्यवहार्य उपक्रम

स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रकर्म झालेली रुग्णा आम्हा वैद्यांकडे येते तेव्हा तिच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. भूक नाही, झोप नाही, तोंडाला चव नाही, हातापायांची आग होते. 'मला राग येतो' ही तक्रार मात्र ती स्वतः क्वचितच सांगते. ती सोबत आलेले पती, बहीण किंवा सून सांगतात. तेही रुग्णा औषध घेण्यास बाहेर गेल्यावर, दबक्या आवाजात. "डॉक्टर, आई हल्ली फार चिडतात. भांडी आपटतात. परवा तर नातवावरही ओरडल्या."

कर्करोगाच्या संदर्भात भीती आणि नैराश्य यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. क्रोधाविषयी त्या मानाने थोडेच. आपल्या समाजात स्त्रीच्या रडण्याला जागा आहे, रागाला नाही, हे याचे एक कारण असावे. रुग्णा रडली तर शेजारीण पाठीवरून हात फिरवते. रुग्णा संतापली तर घरातील माणसे खोलीबाहेर जातात. परिणामी राग गिळला जातो. मराठीत या अवस्थेला 'कुढणे' असा नेमका शब्द आहे. कुढणाऱ्या रुग्णेची झोप, भूक आणि औषधे वेळेवर घेण्याची तयारी या तिन्ही गोष्टी ढासळतात, हा आमचा चिकित्सालयातील अनुभव आहे. या क्रोधाच्या व्यवस्थापनासाठी पाश्चात्त्य मानसोपचारात 'गाइडेड इमेजरी' या नावाने ओळखली जाणारी पद्धती आपल्या सत्त्वावजय चिकित्सेच्या चौकटीत कशी वापरता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. या पद्धतीस आम्ही 'मार्गदर्शित कल्पनाचित्रण' असे म्हटले आहे.

क्रोधाची कारणे

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, या रुग्णांचा क्रोध बहुतेक वेळा निष्कारण नसतो. गाठ दाखवूनही कोणी 'दुधाची गाठ आहे, जाईल' असे सांगून महिने घालवलेले असतात. शस्त्रकर्माचा निर्णय पती आणि दीर यांनी दाराबाहेर घेतलेला असतो आणि रुग्णेस केवळ सही मागितलेली असते. शस्त्रकर्मानंतर पोलके एका बाजूला सैल पडते, पदर सारखा सावरावा लागतो, आणि त्यावर 'आता या वयात काय फरक पडतो?' असे घरातील वडीलधारी स्त्रीच म्हणते. कोठे कोठे रुग्णेची ताटवाटी अजूनही वेगळी ठेवतात; कर्करोग संसर्गजन्य नाही हे सांगण्याचे काम आपल्याकडेच येते. याशिवाय 'सकारात्मक राहा' हा उपदेश चोहोबाजूंनी होत असतो. उपदेश करणाऱ्याचा हेतू चांगला असतो; परंतु ऐकणारीस त्याचा अर्थ 'तुझा राग आम्हाला नको' असा लागतो.

काही कारणे शारीर व औषधजन्य असतात आणि ती वैद्याने आधी तपासावीत. रसायनोपचारासोबत वांती व प्रतिक्रिया टाळण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने निद्रानाश आणि चिडचिड होते. टॅमॉक्सिफेन किंवा अरोमाटेज-रोधक औषधे घेणाऱ्या स्त्रियांना अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, घाम फुटतो, झोप मोडते. तरुण रुग्णांमध्ये रसायनोपचाराने मासिक पाळी अकाली बंद होऊ शकते. काखेतील लसिकाग्रंथी काढताना तेथील संवेदनावाहक नाडी दुखावल्यास दंडाच्या आतील बाजूस बधिरता अथवा जळजळ महिनोन्‌महिने राहते. अखंड जळजळीत मनुष्य शांत कसा राहील? अशा रुग्णेस वेदनाशमन न देता कल्पनाचित्रण शिकविणे अन्यायाचे होय.

मध्यरात्रीनंतर जाग येणे आणि त्याच वेळी राग उसळणे, ही तक्रार आम्ही वारंवार ऐकली आहे. रात्रीचा मध्य हा पित्ताचा काल. दुसरीकडे स्टेरॉइडची मात्रा आणि अंगाच्या वाफाही झोप मोडतातच. दोन्ही स्पष्टीकरणे एकमेकांस छेद देत नाहीत. रुग्णेस विचारताना मात्र 'झोप लागते का?' एवढेच न विचारता 'किती वाजता जाग येते आणि जाग आल्यावर मनात काय चालते?' असे विचारावे.

धारण आणि दमन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या, 'न वेगान्धारणीय' अध्यायात क्रोधाची गणना मनाच्या धारणीय वेगांत केली आहे. यावरून 'राग आवरा, शास्त्रातच सांगितले आहे' असा सल्ला आपल्यापैकी अनेक जण देतात. आमच्या मते हा त्या अध्यायाचा अर्धाच अर्थ आहे.

त्याच यादीत लोभ, भय यांच्याबरोबर शोकही आहे. म्हणजे शोकही धारणीयच. परंतु त्याच अध्यायात जे तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत, त्यांत बाष्पाचा, म्हणजे अश्रूंचा समावेश आहे. शोक आवरावा, अश्रू मात्र अडवू नयेत. हा विरोध नव्हे. शोकाच्या आवेगात मनुष्याने वाहवत जाऊ नये, पण शोकाला शरीराने दिलेली निरुपद्रवी वाट बंद करू नये, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. हाच न्याय क्रोधास लावावा. क्रोधाने परुष वाणी आणि परपीडा घडू नये. वाणीचे आणि शरीराचे धारणीय वेग तेथे स्वतंत्रपणे सांगितले आहेतच. परंतु क्रोधास अश्रूंसारखी आयती वाट नाही. ती वाट निर्माण करून द्यावी लागते. कल्पनाचित्रणाचा उपयोग नेमका येथे होतो.

सत्त्वावजयाची व्याख्या चरकाचार्यांनी तिस्रैषणीय अध्यायात केली आहे. अहितकर अर्थांपासून मनाचा निग्रह, असा तिचा आशय आहे. मन एखाद्या अर्थापासून परतवायचे तर तो अर्थ कोणता हे आधी कळावयास हवे. क्रोध नेमका कोणावर आहे? शल्यविशारदावर, पतीवर, दैवावर की स्वतःच्या शरीरावर? पुष्कळ रुग्णांना पहिल्या भेटीत हे सांगता येत नाही. चित्रात मात्र ते दिसते. उन्मादचिकित्सेत काम, शोक, भय, क्रोध इत्यादींपासून उद्भवलेल्या मनोविकारांना परस्परविरोधी भावांनी शमविण्याचा उपाय सांगितला आहे. तोही येथे मार्गदर्शक ठरतो. विरोधी भाव मात्र रुग्णेच्या स्वतःच्या आठवणीतून उत्पन्न व्हावा, वैद्याच्या उपदेशातून नव्हे.

शल्यतंत्राची बाजूही पाहण्याजोगी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, व्रण भरून आल्यावरही तो स्थिर होईपर्यंत अजीर्ण, व्यायाम यांबरोबर हर्ष, क्रोध आणि भय यांचाही त्याग करावा असे सांगितले आहे. एकोणिसाव्या, व्रणितोपासनीय अध्यायात व्रणिताजवळ प्रिय बोलणाऱ्या सुहृदांनी बसावे, कथा सांगून त्याच्या वेदनांचा विसर पाडावा, त्यास धीर द्यावा, असा उपदेश आहे. कथा ऐकणारा मनुष्य मनात चित्रेच पाहत असतो. शस्त्रकर्मानंतर मनास चित्रात गुंतविणे ही कल्पना आपणास परकी नाही, एवढेच येथे म्हणावयाचे आहे. सुश्रुताचार्यांना आधुनिक मानसोपचार ठाऊक होता, असा दावा करण्याचे कारण नाही.

काय सिद्ध आहे, काय नाही

अमेरिकेतील किरणोपचारतज्ज्ञ कार्ल सायमंटन यांनी 1970 च्या दशकात कर्करुग्णांना कल्पनाचित्रण शिकविण्यास आरंभ केला. 1978 साली सहलेखकांसह प्रसिद्ध झालेल्या 'गेटिंग वेल अगेन' या ग्रंथामुळे ही पद्धती जगभर पोहोचली. त्यांच्या पद्धतीत रुग्णाने आपल्या पांढऱ्या पेशी कर्कपेशींवर तुटून पडत आहेत असे पाहावयाचे असते. अशा चित्रांनी अर्बुद नाहीसे होते अथवा आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले नाही. क्रोधग्रस्त रुग्णेसाठी तर युद्धाचे चित्र आम्ही वर्ज्य मानतो. एक तर आधीच पेटलेल्या मनात आणखी रणकंदन माजते. दुसरे म्हणजे रोग उलटल्यास 'मी नीट लढले नाही' हा दोष रुग्णा स्वतःकडे घेते.

स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे झालेला आणि 1999 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या विषयास अधिक जवळचा आहे. स्तनकर्करोगाच्या 96 स्त्रियांपैकी काहींना रसायनोपचाराच्या काळात नेहमीच्या काळजीसोबत शिथिलीकरण व कल्पनाचित्रण शिकविले गेले. या स्त्रियांची मनःस्थिती अधिक निवांत राहिली, जीवनमान चांगले राहिले, आणि भावना दाबून ठेवण्याची प्रवृत्ती कमी झाली. अर्बुदाने औषधास दिलेल्या प्रतिसादात मात्र दोन गटांत फरक आढळला नाही. या दोन्ही निष्कर्षांचे वजन वैद्याने सारखेच मानावे. कल्पनाचित्रणाने रुग्णेचे मन हलके होते. कर्करोग बरा होत नाही. चिकित्सालयाच्या फलकावर दुसरे काही लिहिले जाऊ नये.

आणखी एका समजुतीचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात ग्रीअर आणि मॉरिस यांनी स्तनात गाठ असलेल्या 160 स्त्रियांचा अभ्यास करून 1975 साली असे मांडले की, राग अतिशय दाबून ठेवणाऱ्या स्त्रियांत कर्करोगाचे निदान अधिक आढळते. हे मत फार लोकप्रिय झाले. पुढील मोठ्या अभ्यासांत स्वभाव आणि कर्करोग यांचा असा संबंध टिकला नाही. तरीही 'तुम्ही राग गिळला म्हणून गाठ झाली' असे सांगणारे आपल्या व्यवसायातही भेटतात. हे वाक्य रुग्णेपुढे कदापि उच्चारू नये. स्तन गमावलेल्या स्त्रीवर रोगाचा आरोप ठेवण्यासारखेच ते आहे.

विधी

नळ्या निघाल्यानंतर, व्रण कोरडा झाल्यावर आणि वेदना आटोक्यात आल्यावर आरंभ करावा. आठवड्यातून एक बैठक, सुमारे 20 ते 25 मिनिटांची, अशा चार ते सहा बैठका पुरतात. वैद्य पुरुष असल्यास स्त्री सहायिका खोलीत असावी. सासू अथवा पती यांना मात्र नम्रपणे बाहेर बसवावे. त्यांच्यासमोर खरे चित्र उमटत नाही. बैठकीपूर्वी रागाची तीव्रता 0 ते 10 या मापाने विचारून पत्रकात लिहावी. बैठकीनंतर पुन्हा विचारावी.

रुग्णेस सपाट झोपवू नये. पाठीशी उशा देऊन रेलून बसवावे. शस्त्रकर्म झालेल्या बाजूचा हात उशीवर किंचित उंच, सैल ठेवावा. डोळे मिटणे नको वाटल्यास भिंतीवरील एका बिंदूकडे पाहण्यास सांगावे. कुंभक करवू नये. केवळ उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांबवावा. अनेक जण येथे पायापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेण्याची पद्धत वापरतात. या रुग्णांत ती जपून वापरावी. छातीशी आल्यावर अनेक रुग्णा दचकतात. पहिल्या दोन बैठकांत पाय, पोट, कपाळ आणि निरोगी बाजूचा हात एवढेच पुरे.

श्वास संथ झाल्यावर निवांत जागेचे चित्र घ्यावे. ही जागा रुग्णेने निवडावी. आमच्याकडील स्त्रिया आजोळचे अंगण, विहिरीचा काठ, दुपारचे रिकामे स्वयंपाकघर अशा जागा सांगतात. एकीने एस.टी.ची खिडकी सांगितली! देवघर वा मंदिर आपण होऊन सुचवू नये. काही रुग्णांचा राग देवावरच असतो, आणि सर्व रुग्णा एका धर्माच्या नसतात. 'डोळ्यांपुढे काहीच येत नाही' अशी तक्रार आल्यास चित्राचा आग्रह सोडून गंध, ध्वनी, स्पर्श यांकडे वळावे : पहिल्या पावसाचा मातीचा वास, जात्याची घरघर, ओल्या पायरीचा गारवा.

यानंतर मुख्य भाग येतो. वैद्याने सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर दोनतीन श्वासांचे अंतर ठेवून पुढील आशयाचे बोलावे :

"ताई, तुम्ही तुमच्या जागी बसला आहात. येथे तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. आता आतमध्ये राग कुठे आहे ते पाहा. घशात आहे, पोटात आहे, की हातांत? त्याला हटवू नका. त्याचा रंग कसा आहे? तो गरम आहे का, जड आहे का? त्याला थोडा बाहेर, समोर येऊ द्या. आता तो कशासारखा दिसतो? घाई नाही. जे दिसेल ते दिसू द्या. आता तुम्हीच ठरवा, याचे काय करायचे ते."

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. चित्राचे पुढे काय करावयाचे हे वैद्याने सुचवू नये. शस्त्रकर्मापासून त्या स्त्रीच्या शरीराविषयीचे प्रत्येक पाऊल इतरांनी ठरविलेले असते. येथे प्रथमच ती ठरविते. एका रुग्णेस राग उतू जाणाऱ्या दुधासारखा दिसला. तिने जाळ कमी केला, पातेले उतरविले नाही. दुसरीस छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटले. तिने तो ढकलून अंगणात नेला आणि त्यावर मिरच्या वाटल्या. तिसरीने नदीकाठच्या दगडावर घरातील सर्वांचे कपडे एकेक करून धोपटले. कोणाचे कपडे सर्वांत जास्त वेळ धोपटले हे तिने हसत सांगितले, आणि ते हसू त्या घराने कित्येक आठवड्यांनी ऐकले असावे. 'राग फुलासारखा विरून गेला' अशी गोड चित्रे सुचविण्याचा मोह वैद्यास होतो. तो टाळावा. रागास आधी त्याच्या बळाइतके काम मिळाले पाहिजे.

परतताना रुग्णेस पुन्हा निवांत जागी आणावे. दहापासून एकपर्यंत उलट मोजावे, तळपायांना जमिनीचा स्पर्श जाणवू द्यावा, डोळे उघडल्यावर कोमट पाणी द्यावे. लगेच उठवू नये. मग पाच-सात मिनिटे बोलावे. तिने चित्राचे वर्णन केले तर ते तिच्याच शब्दांत पत्रकात लिहावे. अर्थ लावून सांगू नये.

दुसऱ्या वा तिसऱ्या बैठकीनंतर बहुधा एखादे साधे, स्पष्ट वाक्य बाहेर पडते. "माझ्या अहवालात काय लिहिले आहे ते मला कोणी वाचून दाखविले नाही." "यांनी अजून एकदाही व्रणाकडे पाहिले नाही." या वाक्यासाठीच सर्व खटाटोप असतो. येथे रागाचे दोन भाग वेगळे होतात. एका भागाला कृती हवी असते : शल्यविशारदांना विचारावयाचे प्रश्न कागदावर लिहून देणे, पतीस एकदा सोबत बसवून बोलणे, कापडी वा सिलिकॉनचे कृत्रिम स्तन कोठे मिळतात याची माहिती देणे. दुसऱ्या भागाला कृती नसते. गेलेला अवयव परत येत नाही. तो भाग शोकाचा आहे, आणि तेथे अश्रूंची वाट मोकळी आहे. क्रोधाचा शोक झाला म्हणजे प्रकृती बिघडली असे समजून घाबरू नये.

घरी रोज 10 मिनिटांचा अभ्यास पुरे. वैद्याने स्वतःच्या आवाजात मार्गदर्शन रुग्णेच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून द्यावे. बाजारात मिळणाऱ्या तयार ध्वनिफितींपेक्षा ओळखीचा आवाज आणि रुग्णेने निवडलेली जागा अधिक उपयोगी पडते. मध्यरात्री जाग आल्यास अंथरुणात तळमळण्याऐवजी हेच ऐकावे.

कोणास करू नये

ज्या रुग्णेस पूर्वी भ्रम अथवा आभास झाले आहेत, जी जगण्यात अर्थ नाही असे बोलते, किंवा डोळे मिटताच जुना अत्याचार अथवा अपघात जिवंत होऊन जिचा श्वास कोंडतो, तिला कल्पनाचित्रण देऊ नये; मनोविकारतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. आत्मघाताचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारण्यास संकोच करू नये. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. घरात मारहाण होत असल्यास राग शांत करणे ही चिकित्सा नव्हेच. तेथे संरक्षण आणि कायद्याची मदत लागते. आणि कोणत्याही कारणाने रुग्णा रसायनोपचार वा किरणोपचार सोडण्याच्या गोष्टी करू लागली, तर तिला तिच्या कर्करोगतज्ज्ञांकडे परत पाठविणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.

औषधी विक्रेत्या बंधूंसाठी

'चिडचिड होते, काहीतरी थंड द्या' अशी मागणी दुकानात होते आणि शतावरी किंवा ज्येष्ठमधयुक्त कल्प सहज हातात दिला जातो. ज्या स्त्रीचे अर्बुद संप्रेरकग्राही आहे, तिला इस्ट्रोजेनसदृश क्रियेची शंका असलेली द्रव्ये कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून देऊ नयेत. हळद व मिरे यांच्या सांद्र गोळ्यांविषयीही सावध असावे. नेदरलँड्समध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात कर्क्युमिन आणि पिपरीन एकत्र दिल्याने टॅमॉक्सिफेन व त्याच्या कार्यकारी रूपाची रक्तातील पातळी घटल्याचे आढळले. रोजच्या भाजीतील हळदीचा हा प्रश्न नाही. मात्रेने घेतलेल्या गोळ्यांचा आहे. त्रिकटूयुक्त कल्पांतही पिपरीन असते, हे लक्षात ठेवावे. 'सध्या टॅमॉक्सिफेन चालू आहे का?' हा एक प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिट लागतो. काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हातास जोरकस अभ्यंग वा स्वेद करण्याचा सल्लाही दुकानातून दिला जाऊ नये. हाताची सूज बळावू शकते.

अनुवर्तन

बैठका संपल्यावर राग कायमचा गेला असे समजू नये. दुसऱ्या स्तनाच्या वार्षिक तपासणीची तारीख जवळ आली, ओळखीच्या कोणास हाच रोग झाल्याचे कानावर आले, अथवा घरात लग्न निघून नवे पोलके शिवण्याची वेळ आली, की तो पुन्हा उसळतो. रुग्णेच्या पत्रकावर वार्षिक तपासणीचा महिना नोंदवून ठेवावा आणि त्याच्या आदल्या आठवड्यात एक बैठक योजावी. त्या वेळी जुनेच चित्र येईल असे नाही. दुधाऐवजी दुसरे काही दिसल्यास तेच घेऊन पुढे जावे.